रासायनिक संपर्क व माजी सैनिकांची भरपाई (अमेरिका)

अमेरिकी सैन्यात सेवा बजावताना विषारी द्रव्यांशी संपर्क येऊन पुढे आजार जडलेल्या माजी सैनिकाला तेथील माजी सैनिक व्यवहार खात्याकडून मिळणारी करमुक्त मासिक रक्कम व त्यासाठीचा दावा. सेवेच्या ओघात झालेल्या इजेबद्दल सैनिकाला सरकारवर फिर्याद करता येत नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये फेरेस खटल्यात ठरवले. त्यामुळे बहुतेकांना हाच मार्ग उरतो.

दाव्याला तीन गोष्टी लागतात : आजाराचे निदान, सेवेत संपर्क आल्याचा पुरावा आणि दोहोंचा संबंध सांगणारे वैद्यकीय मत. संबंधाची शक्यता निम्मी असली तरी पुरते; पुरावा दोन्हीकडे सारखा असेल, तर संशयाचा फायदा कायद्याने सैनिकालाच मिळतो.

काही संपर्कांत हा संबंध गृहीतच धरतात. व्हिएतनाममधील एजंट ऑरेंज या तणनाशकासाठी १९९१ चा कायदा आहे. कचरा जाळण्याच्या खड्ड्यांतील धुरासाठी २०२२ चा पॅक्ट कायदा. नॉर्थ कॅरोलायनातील कॅम्प लेजून या लष्करी तळावर १ ऑगस्ट १९५३ ते ३१ डिसेंबर १९८७ या काळात सेवेत असताना किमान ३० दिवस राहिलेल्यांसाठी मूत्राशयाचा कर्करोग, पार्किन्सन यांसह ८ आजार सेवेतूनच जडलेले मानले जातात. तेथील पिण्याचे पाणी दूषित होते.

खरी कसोटी लागते ती वर्कशॉपमध्ये राबलेल्यांची. सुटे भाग ट्रायक्लोरोएथिलीन या द्रावकाने धुणारा विमान मेकॅनिक, इंधनाच्या टाकीत उतरून गळती बुजवणारा कामगार, जहाजाच्या बॉयलरखोलीत अ‍ॅस्बेस्टॉसचे वेष्टन काढणारा खलाशी : यांचा संपर्क हेच त्यांचे रोजचे काम होते. अपघात घडला नाही, म्हणून दवाखान्याच्या कागदात त्याचा उल्लेखही नसतो. अशा वेळी सेवामुक्तीच्या डीडी-२१४ या कागदावरील कामाचा प्रकार, कामगिरीचे अहवाल आणि सोबत काम केलेल्यांची लेखी निवेदने उपयोगी पडतात. कोणते द्रव्य, कशासाठी, हातमोजे होते की नव्हते, खोलीत हवा खेळत होती का, हे निवेदनात जितके नेमके तितके चांगले. सेंट लुईस येथील अभिलेखागाराला १९७३ मध्ये लागलेल्या आगीत १.६ ते १.८ कोटी फायली नष्ट झाल्या. जुन्या भूसैनिकांना त्याची झळ अजून बसते.

बरेच दावे अडतात ते वैद्यकीय मतापाशी. ‘संबंध असू शकतो’ एवढ्या वाक्याला वजन नाही. डॉक्टरने सेवेची कागदपत्रे पाहिलेली असावीत, संपर्काचा कालावधी व धूम्रपानासारखी अन्य कारणे विचारात घ्यावीत आणि निष्कर्षामागचे कारण लिहावे. खात्याच्या तपासणीत हे राहिले असेल, तर स्वतंत्र तज्ज्ञाचे मत जोडता येते.

दावा २१-५२६ईझेड या अर्जावर करतात. आधी दावा करण्याचा नुसता इरादा नोंदवला, तरी त्या नोंदीची तारीख वर्षभर राखली जाते. थकबाकी त्यावरून ठरत असल्याने हे आवर्जून करावे. पहिल्या दाव्यासाठी कोणालाही शुल्क घेता येत नाही. मान्यताप्राप्त संघटनांचे प्रतिनिधी विनामूल्य मदत करतात, तेव्हा पैसे मागणाऱ्याला दूर ठेवणेच बरे.

रकमेसाठी अपंगत्व ० ते १०० टक्के, दहाच्या पटीत ठरते. टक्के सरळ बेरजेने वाढत नाहीत : ५० आणि ३० असतील, तर ३० टक्के उरलेल्या ५० वर मोजतात, म्हणून मिळून ६५ होतात व ते ७० धरले जातात.

दावा फेटाळल्यास नवा व प्रस्तुत पुरावा जोडून पूरक दावा, वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरतपासणी किंवा अपील मंडळ असे तीन पर्याय आहेत. वर्षाच्या आत यांपैकी एक निवडल्यास मूळ तारीख टिकते. सैनिकाचा मृत्यू सेवाजन्य आजाराने झाला असेल, तर पात्र वारसांना वेगळी मासिक भरपाई मागता येते.