सकर पाळला, शेवाळ राहिलंच

दुकानदार जाळी पाण्यात घालतो, काचेला चिकटून बसलेला बोटभर मासा खरवडल्यासारखा सोडवतो आणि पिशवीत टाकत म्हणतो, "हा न्या. आठ दिवसांत काच लख्ख. वेगळं खायला घालायचीही गरज नाही." घरी फिश टँक ठेवणाऱ्या बहुतेकांनी हे कधी ना कधी ऐकलेलं असतं. मी ऐकलं तेव्हा माझ्या दोन फुटी टाकीची काच इतकी हिरवी झाली होती, की आत गप्पी किती उरलेत हे खाणं टाकल्यावर वर आलेली तोंडं मोजूनच कळायचं. मी मासा घेतला. आपल्याकडे त्याला सकर म्हणतात, कुणी क्लीनर म्हणतं, कुणी मगर मासा.

पहिले दोन आठवडे त्यानं मन लावून काम केलं. सकाळी बघावं तर हिरव्या काचेवर नागमोडी स्वच्छ पट्टे उमटलेले असायचे, धुळीनं भरलेल्या फरशीवर कुणी ओलं फडकं अर्धवट फिरवावं तसे. पण खालच्या पांढऱ्या खड्यांवर दुसरंच काहीतरी साठायला लागलं: काळपट, दोऱ्यासारख्या विष्ठेची भेंडोळी. काचेवरचं शेवाळ खाली उतरलं होतं, एवढंच. महिन्याभरात काच पुन्हा हिरवी झाली. सकर मात्र बोटाचा वीतभर व्हायला निघाला होता.

त्या भेंडोळ्यांत या सगळ्या प्रकरणाचं उत्तर होतं, पण ते मला बऱ्याच उशिरा दिसलं.

शेवाळाला जगायला फार काही लागत नाही. उजेड लागतो, पाण्यात विरघळलेला कार्बन लागतो, आणि खत म्हणून नायट्रोजन-फॉस्फरस. हे खत टाकीत आपणच ओततो, माशांच्या खाण्याच्या डबीतून. रोजची चिमूट अर्ध्या ग्रॅमची धरू. माशांच्या खाण्यात साधारण ४० टक्के प्रथिनं असतात आणि प्रथिनांच्या वजनाचा सुमारे १६ टक्के भाग नायट्रोजनचा. म्हणजे चिमटीत ३२ मिलिग्रॅम नायट्रोजन आला. त्यातला थोडा माशांच्या अंगी लागतो. बाकीचा बराचसा कल्ल्यांतून अमोनिया होऊन पाण्यात उतरतो. फिल्टरच्या स्पंजात वस्ती करून असलेले जिवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट माशांना विषारी, नायट्रेट बरंच सौम्य, म्हणून ही साखळी माशांच्या जिवाची राखण करते. पण नायट्रेट म्हणजे खतच. अंगी लागलेला पाव हिस्सा वजा केला तरी रोज शंभरेक मिलिग्रॅम नायट्रेट तयार होतं. दोन फुटी टाकीत पन्नास-पंचावन्न लिटर पाणी मावतं. दर लिटरमागे रोज दोन मिलिग्रॅमची भर, महिन्याला साठ. पाणी न बदलता नुसती "कमी झालेली" टाकी वरून भरत राहिलं, तर वाफ होऊन जातं ते पाणी आणि मागे राहतं ते खत.

आता यात सकर आणून सोडला. तो शेवाळ खातो म्हणजे काय करतो? शेवाळानं पाण्यातून उचललेला नायट्रोजन पोटात घेतो, त्यातला थोडा स्वतःच्या अंगात ठेवतो आणि उरलेला अमोनिया व विष्ठा म्हणून पुन्हा पाण्यात देतो. टाकीबाहेर काहीच जात नाही. उलट, तो स्वतः वाढता, खाता मासा असल्यामुळे महिन्याभरात त्याच्यासाठी वेगळ्या गोळ्या टाकाव्या लागतात (लागतातच, काचेवरच्या थरावर वीतभर मासा जगत नाही), आणि खताची आवक आणखी वाढते. टाकीतून नायट्रोजन खरोखर बाहेर काढणारं एकच साधन माझ्या घरात होतं, आणि ती होती बाथरूममधली बादली.

मग शेवाळखाऊ मासे निव्वळ थाप आहेत का? अजिबात नाही. पण "शेवाळ" हा शब्द आपण फार ढिलेपणानं वापरतो. काचेवर, पानांवर, पाण्यात जे जे नको ते उगवतं त्या सगळ्याला आपण शेवाळ म्हणतो, आणि मासा मात्र ताटात काय आहे ते बघून खातो.

नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत तपकिरी, पिठासारखा थर येतो. बोट फिरवलं की निघतो. हे डायटम, एकपेशीय शैवाल. यांच्या प्रत्येक पेशीभोवती सिलिकाची, म्हणजे काचेच्याच जातीची, नाजूक डबी असते. या थरावर खरा अधिकार ओटोसिंक्लस या माशाचा. दक्षिण अमेरिकेतला, जेमतेम चार सेंटिमीटरचा, बाजूनं एक काळी रेघ. भिंगातून त्याचं तोंड बघण्यासारखं असतं: ओठांची गोल चकती काचेला टेकलेली, आणि आत बारीक फणीसारखे दात सतत पुढेमागे, पुढेमागे. पान न फाडता पानावरचा थर तेवढा उचलतो. गोची अशी, की लोक तपकिरी थर दिसला की लगेच ओटो आणतात, म्हणजे नेमके नव्या टाकीत. विकायला येणारे बरेच ओटो नदीतून पकडलेले असतात, प्रवासात आणि दुकानात उपाशी राहून आलेले. पंधरा दिवसांत तपकिरी थर संपतो आणि पाठोपाठ ओटोही. दुकानात त्याचं पोट बघून घ्यावं. आत गेलेलं असेल तर तो मासा घेऊ नये, कितीही दया आली तरी. आणि घेतले तर पाच-सहा घ्यावेत, जुन्या, मुरलेल्या टाकीसाठी. एकटा ओटो पानाआड दडून बसतो.

पानांच्या कडांना काळ्या दाढीसारखे झुपके येतात ते आणखी वेगळं. दिसायला काळं, पण कूळ लाल शैवालांचं. विश्वास बसत नसेल तर झुपका उपटून वाटीभर स्पिरिटमध्ये टाकून ठेवा. हिरवं हरितद्रव्य विरघळून जातं आणि झुपका लालसर दिसू लागतो. हा खाणारे मासे फार थोडे. सयामी अल्गी ईटर, म्हणजे क्रोसोकायलस, त्यातला सगळ्यात भरवशाचा, तोही तरुण असेपर्यंत आणि भरपूर गोळ्या मिळत नसतील तर. आणि इथे बाजारात मोठा घोळ आहे. याच नावाखाली दोन-तीन भलतेच मासे विकले जातात. ओळखायची खूण शेपटीत: अंगावरची काळी पट्टी खऱ्या सयामीच्या शेपटीच्या टोकापर्यंत जाते, तिच्या कडा जराशा दातेरी असतात, आणि बाकीचे पर रंगहीन, पारदर्शक. तोतयांपैकी सर्वांत त्रासदायक तो "चायनीज अल्गी ईटर". नाव चायनीज, मूळ मेकाँग आणि थायलंडच्या नद्यांतलं. शरीराची रचना मात्र दाद द्यावी अशी. तोंडानं दगडाला चिकटून बसल्यावर श्वासाचं पाणी तोंडातून कसं घेणार? म्हणून त्याच्या कल्ल्यांना वरच्या बाजूला वेगळी फट आहे; पाणी तिथून आत आणि खालून बाहेर. लहानपणी शेवाळ खातो. मोठा झाला, पंचवीस सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतो, की त्याला शेवाळापेक्षा एंजल किंवा गोल्डफिशच्या अंगावरचा चिकट थर आवडू लागतो. रात्री त्यांच्या कुशीला जाऊन चिकटतो. सकाळी खवले निघालेले.

काचेवरचे टिकल्यांसारखे घट्ट हिरवे ठिपके मासे सोडून देतात. ते नेराइट गोगलगायीनं खावेत नाही तर आपण ब्लेडनं खरवडावेत. (नेराइट सगळीकडे पांढऱ्या तिळासारखी अंडी चिकटवते. गोड्या पाण्यात त्यातून पिल्लं वाढत नाहीत, पण तीळही निघत नाहीत.) पाणीच हिरवं झालं असेल तर ते एकपेशीय, तरंगणारं शैवाल, कुठल्याच चाटणाऱ्या माशाचा त्याच्याशी संबंध नाही. आणि निळसर हिरवी, चादरीसारखी उचलली जाणारी, कुबट वासाची बुळबुळीत साय म्हणजे तर शैवालही नाही. ते सायनोबॅक्टेरिया, जिवाणू. त्याला मासे तोंड लावत नाहीत.

सकरकडे परत येतो. एका रात्री दिवे बंद असताना मी टॉर्च मारला, आणि त्याच्या डोळ्यात वरून एक लहानशी पाकळी खाली उतरताना दिसली. बाहुली उलट्या चंद्रकोरीसारखी झाली. उजेड फार झाला की हे मासे बुबुळाचा एक पदर असा खाली सोडतात. तेव्हा तो आठ इंचांचा होता आणि वळताना रोपं उपटत होता.

दुकानातले बहुतेक सकर टेरिगोप्लिक्थिस या गटातले. पूर्ण वाढ चाळीस-पन्नास सेंटिमीटर. म्हणजे जवळजवळ माझ्या टाकीच्या लांबीइतका. असा मासा झाला की लोक काय करतात? मारवत नाही, ठेववत नाही, म्हणून जवळच्या तळ्यात "मुक्त" करतात. पुण्य मिळतं म्हणे. या माशाच्या अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत, परांना जाड काटे. बगळ्यापाणकावळ्यांना तो गिळायला जड जातो. पाण्यात प्राणवायू कमी पडला तर पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो आणि जठरातूनच प्राणवायू शोषतो, त्यामुळे सांडपाण्यातही तगतो. नर काठाच्या मातीत बिळं कोरून अंडी राखतात, काठ ढासळतो. मेक्सिकोतल्या इन्फिएर्निओ धरणात हे मासे एवढे माजले, की तिथली तिलापियाची भरभराटीची मासेमारी कोलमडली. जाळी भरून यायची ती यांचीच, आणि काट्यांनी फाटून. आपल्याकडे केरळ, आंध्र, पश्चिम बंगालच्या पाण्यात ते आधीच स्थिरावलेत. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंच्या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी पूर्व घाटातल्या तळ्यांच्या पाण्यात उतरलेला डीएनए तपासला, मासा न पकडता, आणि सुमारे ६० टक्के ठिकाणी या माशाचा माग सापडला. प्रत्येक ठिकाणचा पहिला सकर कुणाच्या तरी टाकीतून किंवा पैदास केंद्रातून निसटला किंवा सोडला गेला असणार.

गंमत म्हणजे दगड चाटणारे मासे सह्याद्रीतही आहेत, आणि ते आपलेच. ओढ्याच्या धारेत खडकाला चिकटून राहणारा मल्या हा गारा गटातला मासा. खालच्या ओठामागे चकती, तिनं तो वेगवान पाण्यात पाय रोवल्यासारखा थांबतो आणि खडकावरचा थर खरवडतो. कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णनं प्रसिद्ध केली, तेव्हा मराठी कोळ्यांच्या तोंडची नावंच लॅटिन नावांत उचलली, म्हणून हा आजही जगभर गारा मुल्या आहे. पायाची मेलेली कातडी खाणारे स्पामधले मासे याचेच पश्चिम आशियातले भाऊबंद. मल्या टाकीत आणावा का? त्याला धार लागते, थंड आणि प्राणवायूनं भरलेलं पाणी लागतं. मे महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये ते कुठून देणार?

माझ्या टाकीचं पुढे काय झालं ते थोडक्यात. टाकी खिडकीसमोरून हलवली; सकाळचं दोन तासांचं ऊन थांबलं. एलईडी रात्री झोपेपर्यंत चालू असायचा, तो टायमर लावून सात तासांवर आणला. खाणं दिवसाआड, तेही मासे दोन मिनिटांत संपवतील एवढंच. दर रविवारी सायफननं तळातली घाण ओढत पंधरा-सोळा लिटर पाणी काढतो आणि ते कुंड्यांना घालतो. जास्वंदीला ते भलतंच मानवलंय. फिल्टरच्या कप्प्यात मनी प्लँटच्या दोन फांद्या खोचल्या, मुळं पाण्यात, पानं बाहेर. त्या नायट्रेट पितात, आणि वाढलेला वेल कापून टाकला की तेवढा नायट्रोजन खरोखर घराबाहेर गेला. शेवाळ मारायची औषधं मी वापरत नाही. त्यातल्या काहींत तांबं असतं, आणि ते गोगलगायी-कोळंब्यांचा जीव घेतं. हे सगळं स्थिरावल्यावर, तीन महिन्यांनी, सहा ओटो आणले. मागची काच मी मुद्दाम घासत नाही, तो त्यांचा वाफा. कमी पडला तर उकडलेल्या काकडीची चकती.

आणि सकर? त्याला झाकणाच्या बादलीत घालून दुकानात परत नेला. दुकानदारानं काहीच विचारलं नाही, फक्त सगळ्यात खालच्या मोठ्या टाकीकडे हात केला. तिथे आधीच सातआठ होते, सगळे फूटभर, एकमेकांवर ओंडक्यासारखे पडलेले. पैसे द्यायचे नाहीत, घ्यायचे नाहीत, असा अलिखित करार. मी बादली उपडी करत होतो तेव्हा वरच्या टाकीसमोर एक मुलगा आईचा पदर ओढत उभा होता, काचेला चिकटलेल्या बोटभर पिल्लाकडे बघत. "हा काय खातो?" त्यानं विचारलं. दुकानदारानं जाळी उचलली.