लेगोतला ट्रे आणि लेगोतला टॉगल, दोन्ही मोजतात म्हणे!

भाच्याला सुट्टीत लेगोचं गोळे मोजायचं मशीन करून देतो म्हणालो आणि तीन रविवार गेले की राव. घोळ असा की दोन वेगळ्या गोष्टी मी एकच धरून चाललो होतो. एक म्हणजे रोलिंग बॉल क्लॉकमध्ये, म्हणजे गोळ्यांनी वेळ दाखवणाऱ्या घड्याळात, असतो तसला कलणारा ट्रे, आणि दुसरा टॉगल, म्हणजे गोळा गेला की इकडून तिकडं पलटी खाणारी पट्टी.

कोल्हापुरात शाहू मार्केट यार्डात गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, मोजता पण येतात आणि काट्यावर तोलता पण येतात. ट्रे म्हणजे काटा. तो मोजतोय असं नुसतं दिसतं, करतो तोलायचंच काम.

घड्याळात दर मिनिटाला एक गोळा वर येतो, मिनिटाच्या ट्रेत चार थांबतात, पाचवा आला की ट्रे कलतो, चार खाली परत आणि एक हातचा म्हणून पुढच्या ट्रेत. तो ट्रे अकरा धरतो आणि बाराव्याला कलतो. आता बघा, चाराचे पाच होताना वजन 25 टक्के वाढतं, अकराचे बारा होताना जेमतेम 9. म्हणून माझा पाचाचा ट्रे पहिल्याच दिवशी चालला आणि बाराच्यानं डोकं खाल्लं. उपाय एकच, शेवटचा गोळा पिव्हॉटपासून, म्हणजे ट्रे ज्यावर कलतो त्या टेकूपासून, सगळ्यात लांब जाऊन बसला पाहिजे, मग तेवढ्याच वजनाचा जोर जास्त लागतो.

आणि गोळे सारखे पाहिजेत. गल्लीतल्या काचेच्या गोट्या घेतल्या होत्या, त्यात एक 15 मिमीची तर दुसरी 16 ची, दिसायला फरक काहीच नाही, पण वजनात 20 टक्क्यांच्या वर! मग उद्यमनगरातनं बेरिंगचे छर्रे आणले, सगळे एका वजनाचे, पण जड, वरनं पडले की ट्रेला असा दणका की भाचा ओरडला, "मामा, चारलाच पडलं की!" म्हणजे गोळा आपटायला नको, हळू घरंगळत आला पाहिजे.

टॉगलला वजनाशी देणंघेणं नाही, पट्टी पलटण्याइतका जोर गोळ्यात असला की झालं. पहिला गोळा डावीकडं, दुसरा उजवीकडं, उजवीकडचा पुढच्या टॉगलला हातचा. असे चार टॉगल लावले की 0 ते 15 मोजतं आणि सोळाव्याला सगळे शून्यावर येऊन एक गोळा बाहेर. 1960 च्या दशकात डिजी-कॉम्प टू नावाचं खेळणं होतं, ते याच जातीच्या पट्ट्यांवर गोट्यांनी बेरीज-गुणाकार करायचं, लई भारी डोकं.

टॉगल चुकतो तो वेगळ्याच कारणानं. दोन गोळे चिकटून आले तर पट्टी पूर्ण पलटायच्या आत दुसरा पहिल्याच्याच वाटेनं निघून जातो. लेगोवाल्यांच्या ग्रेट बॉल कॉन्ट्रॅप्शनमध्ये, म्हणजे एका मशीनमधनं दुसऱ्यात गोळे देत जाणाऱ्या साखळीत, सेकंदाला एक गोळा असा हिशेब असतो, पण तो सरासरीचा, एकदम 30 पर्यंतचा लोंढा पण येऊ शकतो. त्यामुळं मोजणीच्या आधी एकेक गोळा सोडणारं गेट पाहिजेच, ते नसेल तर बाकी सगळं फुकट.

दुसरं म्हणजे पट्टी मध्येच अडकणं. मी पिव्हॉटला काळी पिन लावली होती, ती घर्षणवाली असते, तिथं मोकळी फिरणारी ग्रे पिन पाहिजे किंवा सरळ गोल भोकात ॲक्सल, म्हणजे लेगोची दांडी. शिवाय पट्टीचं वजन पिव्हॉटच्या वर ठेवायचं, म्हणजे ती मध्ये उभी राहतच नाही, कुठंतरी पडतेच.

वाचायला मात्र ट्रे सोपा, गोळे समोर दिसतात, टॉगलमध्ये पहिल्या पट्टीचा 1, दुसरीचे 2, मग 4, मग 8 अशी पलटलेल्या पट्ट्यांची बेरीज करत बसा. म्हणून आता मोजायला टॉगल ठेवलेत आणि ट्रे नुसता दाखवायला, पाचाचाच, बाराच्या नादाला लागत नाही.

टेस्ट सोपी आहे. चार टॉगलमधनं 160 गोळे सोडले की बरोबर 10 बाहेर पडले पाहिजेत. रविवारी पडले. मग भाच्यानं टेबलाच्या एका पायाखाली काडेपेटी सरकवली, आणि 9.