चार आण्याऐवजी सूत: बेळगाव १९२४ आणि नेत्याचा खरेपणा

ऑथेंटिक लीडरशिप, म्हणजे नेत्यानं जे बोलायचं तेच स्वतः करायचं, हा शब्द मॅनेजमेंटवाल्यांत चालायला लागला तो २००० नंतर. २००१ ला अमेरिकेतली एन्रॉन कंपनी घोटाळ्यात बुडाली, पुढच्या वर्षी वर्ल्डकॉम, बोलायचं एक आणि करायचं एक ही साहेब लोकांची सवय उघडी पडली, आणि २००३ मध्ये मेडट्रॉनिक या वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीचे माजी सीईओ बिल जॉर्ज यांनी या विषयावर पुस्तकच काढलं.

आमच्या बेळगावात हा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी येऊन गेलाय. डिसेंबर १९२४, टिळकवाडी, गांधीजी अध्यक्ष होते असं काँग्रेसचं एकमेव अधिवेशन. त्यासाठी खोदलेली काँग्रेस विहीर आजही आहे, पण लोक विहीर बघतात आणि तिथे झालेला ठराव विसरतात. वर्षाला चार आणे भरले की मेंबर, हे बंद करून महिन्याला २००० वार हातानं कातलेलं सूत द्यायचं ठरलं. रोज अर्धा तास चरखा, असा हिशोब. आता नवख्या माणसाचा हात जरा जड पडला की पेळूतून (पिंजलेल्या कापसाच्या गुंडाळीतून) निघणारा धागा तुटतो, परत जोडायचा, परत तुटतो, मग कसला अर्धा तास! गांधीजी स्वतः रोज कातायचे म्हणून त्यांना तसं मागायचा हक्क होता हे मला मनापासून पटतं. पण स्वराज्य पक्षवाल्यांना, म्हणजे काँग्रेसमधल्याच कायदेमंडळात जाऊन लढू पाहणाऱ्या गटाला, ते नको होतं, त्यामुळे तडजोड झाली, इच्छा नसेल तर दुसऱ्यानं कातलेलं सूत दिलं तरी चालेल. इथेच सगळं घसरलं बघा, नेत्याचा खरेपणा नियम करून दुसऱ्याच्या अंगात घालता येत नाही, फार तर विकतचं सूत जमा होतं. सप्टेंबर १९२५ ला पाटण्यात काँग्रेस समितीच्या बैठकीत चार आण्यांचा पर्याय परत आला.

बेळगाव अधिवेशनाच्या स्वागत समितीचे प्रमुख गंगाधरराव देशपांडे मात्र वेगळे निघाले. बेळगावजवळच्या हुदली गावच्या वतनदार घरातला माणूस, आधी टिळकांचा कट्टर, नंतर गांधीजींकडे वळला तो पूर्णच, आणि आपल्याच गावात खादीचं काम उभं केलं. त्यांच्यावर कुणी ठरावाची सक्ती केली नव्हती. १९३७ च्या एप्रिलमध्ये गांधी सेवा संघाच्या, म्हणजे गांधीजींच्या विधायक कामातल्या कार्यकर्त्यांच्या संघटनेच्या, बैठकीला गांधीजी हुदलीत येऊन राहिले. खादीचं काम तिथे अजून चालतंय, लीडरशिपची शिबिरं भरवणाऱ्यांनी पोरांना हॉटेलच्या हॉलमध्ये बसवण्यापेक्षा एक दिवस तिकडे न्यावं.