भिंतीआडचे नवे व्हेनिस

व्हेनिसमध्ये गेल्या वीस वर्षांत ज्या नव्या वास्तुरचनांची जगभर चर्चा झाली, त्यांतल्या बहुतेक बाहेरून दिसतच नाहीत. तादाओ आंदो यांनी २००९मध्ये पुंता देल्ला दोगाना या जुन्या जकातघराचे कलासंग्रहालय केले. रेम कूल्हास यांच्या ओएमए या संस्थेने २०१६मध्ये फोंदाको देई तेदेस्की या जुन्या वखारीचे दुकानसंकुल केले. डेव्हिड चिपरफील्ड यांनी नूतनीकरण केलेली सेंट मार्क चौकातली प्रोकुरातिए वेक्के ही इमारत २०२२मध्ये लोकांसाठी उघडली. तिन्ही ठिकाणी कालव्यातून किंवा चौकातून जुनीच भिंत दिसते. नवे काय ते दार ओलांडल्यावर. हे आपोआप झालेले नाही. त्यामागे सव्वाशे वर्षांचे वाद आणि बरेच नकार आहेत.

सुरुवात एका पडझडीपासून करावी लागते. १४ जुलै १९०२ रोजी सेंट मार्क चौकातला घंटामनोरा कोसळला. आता काय बांधायचे, यावर नगरपालिकेने फार काथ्याकूट केला नाही. मनोरा ‘होता तसा, होता तिथे’ उभा करायचा, असे ठरले आणि १९१२मध्ये तो उभाही राहिला. पाया वाढवून भक्कम केला, बांधकाम नवे. रूप मात्र जुनेच. आधुनिक वास्तुकलेला व्हेनिसने दिलेले हे पहिले ठाम उत्तर म्हणता येईल. शहराचा चेहरा बदलायचा नाही, मग आतले काहीही बदलो. त्याच काळात, १९१०मध्ये, कवी मरिनेत्ती आणि त्यांचे भविष्यवादी, म्हणजे जुने झुगारून यंत्रयुगाची कला मागणारे, साथीदार चौकातल्या घड्याळाच्या मनोऱ्यावरून पत्रके उधळत होते. मोडकळीला आलेल्या महालांच्या राडारोड्याने कालवे बुजवून टाका, अशी त्यांची मागणी होती. या टोकाच्या भाषेने जुन्याच्या कैवाऱ्यांना आयतेच बळ मिळाले. नवे म्हणजे व्हेनिसच्या जिवावर उठलेले, हा समज इथून घट्ट होत गेला.

फॅसिस्ट राजवटीत नव्याला जागा मिळाली, पण शहराच्या कडेला. मुख्य भूमीशी जोडणारा मोटारींचा पूल १९३३मध्ये झाला आणि त्याच्या टोकाशी पियाझ्झाले रोमा इथे बहुमजली मोटारतळ उभा राहिला. मोटार तिथेच थांबली, तिच्यासोबत आलेली नवी वास्तुकलाही तिथेच थांबली.

खरी कसोटी दुसऱ्या महायुद्धानंतर लागली. त्या काळातल्या तीन सर्वांत मोठ्या वास्तुरचनाकारांनी व्हेनिससाठी आराखडे केले आणि तिघांचेही कागदावर राहिले. अंजेलो मासिएरी हा तरुण वास्तुरचनाकार १९५२मध्ये अमेरिकेत मोटार अपघातात गेला. त्याच्या स्मरणार्थ ग्रँड कॅनॉल या शहराच्या मुख्य कालव्यावर विद्यार्थ्यांसाठी एक छोटी इमारत बांधायची होती आणि तिचा आराखडा फ्रँक लॉइड राइट यांनी केला. कालव्याच्या अगदी मोक्याच्या वळणावर नवा दर्शनी भाग येणार म्हटल्यावर गदारोळ उठला आणि परवानगी नाकारली गेली. ल कॉर्ब्युझिए यांनी १९६४-६५मध्ये शहराच्या वायव्य टोकाला रुग्णालयाची योजना केली. खांबांवर उभी, पाण्यावर पसरलेली, आणि आसपासच्या छपरांहून वर डोके न काढणारी ती इमारत. ते १९६५मध्ये वारले. सहकाऱ्यांनी काम पुढे रेटले, पण तेही विरले. लुई कान यांनी १९६८-६९मध्ये परिषदगृह सुचवले, तेव्हा मऊ जमिनीवर भार कमी ठिकाणी यावा म्हणून संपूर्ण सभागृह झुलत्या पुलासारखे दोन टोकांवर टांगले होते. तेही झाले नाही.

यांतला ल कॉर्ब्युझिए यांचा प्रकल्प हुकला याचे मला आजही वाईट वाटते. व्हेनिसची वीण त्यांना इतरांपेक्षा खोलवर कळली होती. गल्ली, छोटा चौक, पुन्हा गल्ली ही शहराची मांडणीच त्यांनी रुग्णालयाच्या आत आणली होती. शिवाय ते स्मारक नव्हते, रहिवाशांच्या गरजेची इमारत होती. अशा इमारतीची उणीव शहराला पुढे फार जाणवणार होती.

याच शहरात मे १९६४मध्ये वास्तुरचनाकार आणि स्मारकतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि ‘व्हेनिस सनद’ मंजूर झाली. जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलचे आजचे बहुतेक नियम कुठे ना कुठे या दस्तऐवजाशी जाऊन भिडतात. तिचे नववे कलम सांगते की जीर्णोद्धारात जी भर अटळ असेल, ती मूळ रचनेहून वेगळी ओळखू यावी आणि तिच्यावर आपल्या काळाची छाप असावी. जुन्याची नक्कल करून पाहणाऱ्याला फसवू नये, हा त्यामागचा विचार. पण परवानग्यांचा व्यवहार दर्शनी भागाबाबत वेगळ्याच दिशेने चालला होता. या दोहोंच्या मधून एक वाट निघत होती, ती घराच्या आत जाणारी. तिथे नवे उघडपणे नवे दिसू शकत होते आणि शहराच्या चेहऱ्याला धक्काही लागत नव्हता.

ही वाट सनदेच्या आधीच एकाने चालून दाखवली होती. कार्लो स्कार्पा १९०६मध्ये व्हेनिसमध्येच जन्मले. काही वर्षे जवळच्या मुरानो बेटावरच्या काचकारखान्यांसोबत काम केले, वास्तुकलेच्या विद्यापीठात शिकवले, पण व्यवसायाच्या परवान्याची सरकारी परीक्षा कधी दिली नाही. त्यावरून त्यांच्यावर खटलाही झाला. संग्रहालयांची मांडणी, प्रदर्शने, दुकाने, जुन्या घरांची दुरुस्ती अशी त्यांची कामे बहुतेक आतलीच राहिली.

सेंट मार्क चौकाच्या कमानींखालचे ऑलिव्हेत्ती कंपनीचे दालन त्यांनी १९५७-५८मध्ये केले. टंकयंत्रे मांडायची जागा, लांबट, अरुंद आणि अंधारी. स्कार्पांनी मधोमध संगमरवराचा जिना ठेवला. त्याच्या पायऱ्या कमीजास्त लांबीच्या, एकमेकींपासून सुट्या, हवेत तरंगत असल्यासारख्या. जमिनीवर काचेचे छोटे तुकडे बसवले, आणि त्यांचा रंग दालनाच्या भागागणिक बदलता ठेवला. ओल्या काचेवर पडलेला उजेड कसा दिसतो, हे व्हेनिसच्या माणसाला वेगळे सांगायला नको. हे दालन आता इटलीच्या वारसा न्यासाकडे आहे आणि पाहता येते.

त्याहून मोठे काम क्वेरिनी स्टाम्पालिया या सोळाव्या शतकातल्या महालाच्या तळमजल्याचे. संस्थेचे संचालक जुसेप्पे मात्सारिओल यांनी ते स्कार्पांवर सोपवले आणि १९६१ ते १९६३ या काळात ते झाले. तळमजल्यात भरतीचे पाणी शिरत असे. दुसऱ्या कुणी ते अडवण्यावर सगळी बुद्धी खर्च केली असती. स्कार्पांनी पाण्याला आत येऊ दिले. कालव्याकडच्या जाळीदार दारांतून ते येते, पायऱ्यांवर चढते, उतरते. माणसांसाठी त्यांनी काठ उचललेला उंच मार्ग केला, परातीसारखा. पाणी त्याच्या कडेने फिरते, आत येत नाही. नवी फरशी जुन्या भिंतीला टेकत नाही, मध्ये फट आहे. भिंतींवरचे गिलाव्याचे फलकही मूळ विटांपासून सुटे, म्हणजे ओल कोंडत नाही. खिडकीच्या जागी दार करून तिथपर्यंत पोलाद आणि लाकडाचा हलका पूल आणला. नवे कुठे संपते आणि जुने कुठे सुरू होते, हे लहान मुलालाही बोट ठेवून दाखवता येईल. सनदेच्या नवव्या कलमाचा अर्थ समजून घ्यायचा असेल तर मी या तळमजल्याकडे पाहायला सांगेन, जरी तो सनदेच्या वर्षभर आधीचा असला तरी.

४ नोव्हेंबर १९६६ रोजी १९४ सेंटिमीटरची भरती आली आणि शहर बुडाले. व्हेनिस वाचवणे हा जगाचा विषय झाला, १९७३मध्ये खास कायदा आला, १९८७मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव लागले. पैसा आला, तशी बंधनेही घट्ट झाली. नव्या बांधकामाला आता तात्पुरतेपणाचा आडोसा घ्यावा लागला. अल्डो रॉसी यांचे १९७९चे तेआत्रो देल मोंदो हे तराफ्यावरचे नाट्यगृह पाण्यावर आले आणि पुढे मोडून टाकले गेले. १९८०च्या पहिल्या स्वतंत्र वास्तुकला बिएनालेत, म्हणजे व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात, पाओलो पोर्तोगेसी यांनी तर अख्खा रस्ताच घरात आणला. आर्सेनाले या जुन्या जहाजगोदीच्या दोरखान्यात वीस वास्तुरचनाकारांच्या वीस दर्शनी भिंती दोन्ही बाजूंना उभ्या केल्या. खऱ्या गल्लीत जे उभे राहू शकत नव्हते, ते छपराखाली उभे राहिले! ला फेनिचे हे ऑपेरागृह १९९६मध्ये जळाले, तेव्हा पुन्हा १९०२चाच ‘होता तसा, होता तिथे’ हा नारा ऐकू आला आणि रॉसी यांच्याच आराखड्याने ते २००३मध्ये पूर्वीच्या रूपात उघडले.

ग्रँड कॅनॉलवर उघड्यावर उभे राहिलेले मोठे अलीकडचे काम म्हणजे सांतियागो कालात्रावा यांचा २००८चा पूल. त्याच्या काचेच्या पायऱ्यांवरून लोक घसरून पडू लागले आणि अखेर काचेच्या जागी दगड बसवायचे ठरले. त्याने नव्याविषयीचा अविश्वास आणखी वाढवला, हे त्या पुलाचे मोठे नुकसान.

आता सुरुवातीच्या तीन कामांकडे. आंदो यांनी सतराव्या शतकातल्या जकातघरातल्या नंतरच्या भिंती काढल्या, विटा आणि लाकडी तुळया मोकळ्या केल्या आणि मधोमध गुळगुळीत काँक्रीटची एक चौकोनी खोली ठेवली. पाण्याकडच्या दारांच्या जाळ्यांत स्कार्पांना दिलेली दाद उघड दिसते. फोंदाको देई तेदेस्कीची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. १५०८च्या सुमाराची ही जर्मन व्यापाऱ्यांची वखार विसाव्या शतकात टपाल कार्यालय झाली आणि तेव्हाच तिच्या आत बरेच काँक्रीट ओतले गेले. म्हणजे जपायचे ते नेमके काय, हा कूल्हास यांचा प्रश्न रास्तच होता. वारसाप्रेमींच्या विरोधामुळे मूळ योजना सौम्य करावी लागली. लाल सरकते जिने आणि छतावरची गच्ची आली. वापर मात्र चैनीच्या वस्तूंच्या दुकानांचा, आणि तो धंदाही २०२५मध्ये बंद पडला. रचना कितीही कसदार असली तरी ती कुणासाठी, हे मालकाने आधीच ठरवलेले असते. चिपरफील्ड यांच्या कामात मला समाधान वाटते ते कारागिरीमुळे. तेराझ्झो फरशी, मार्मोरिनो गिलावा, भाजक्या विटा ही शहराची जुनी कौशल्ये त्यांनी नव्या जिन्यांत आणि कमानींत कामाला लावली, आणि पाचशे वर्षे लोकांसाठी बंद असलेली इमारत आता त्यांना पाहता येऊ लागली.

या सगळ्या यादीत घरे जवळजवळ नाहीत. १९५१मध्ये ऐतिहासिक व्हेनिसमध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे राहत होती. २०२२मध्ये तो आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. नवी घरे बांधली गेली ती समोरच्या ज्युदेक्का बेटावर. जिनो व्हाले यांची १९८०च्या दशकातली लोकवस्ती आणि चिनो झुक्की यांनी युंगहान्स कारखान्याच्या जागेवर केलेल्या इमारती तिथे आहेत. पर्यटकांची नजर तिथे फारशी पोचत नाही, म्हणूनच बहुधा त्या होऊ शकल्या. त्या साध्या, नीटस आणि राहत्या आहेत, आणि माझ्या मते महालांच्या आतल्या दालनांइतकेच लक्ष त्यांच्याकडे जायला हवे.

ऑक्टोबर २०२०पासून मोझे हे फिरते बांध वापरात आले आणि मोठी भरती शहराभोवतीच्या खाजणाच्या तोंडाशीच अडू लागली. पण ते साधारण ११० सेंटिमीटरच्या भरतीचा अंदाज असेल तेव्हा उचलले जातात आणि सेंट मार्क चौकाचा सखल भाग त्याच्या बराच आधी भिजतो. म्हणून २०२२मध्ये चौकातल्या सेंट मार्क बॅसिलिका या चर्चभोवती काचेची बुटकी भिंत घालावी लागली. तळमजल्यावर नवे काम काढणाऱ्याला फरशीची पातळी ठरवताना भरतीचा तक्ता अजूनही समोर ठेवावाच लागतो.