फॅट, एसएनएफ आणि शेळीचा वास

डेअरीवर दूध घालणाऱ्याला दोन आकडे पाठ असतात: फॅट आणि एसएनएफ. एसएनएफ म्हणजे फॅट वगळून उरलेले घनपदार्थ, म्हणजे प्रथिने, दुग्धशर्करा, खनिजे. १०० ग्रॅम गाईच्या दुधात फॅट साधारण ३.५ ते ४.५ ग्रॅम, म्हशीच्या ६ ते ८. प्रथिने गाईची ३.२ च्या आसपास, म्हशीची ४ च्या. शेळी बहुतेक गाईच्या जवळ जाते. मेंढीच्या दुधात मात्र प्रथिने साडेपाचच्या घरात आणि फॅट म्हशीच्या तोडीचे.

म्हशीच्या दुधात पाणी घालून ते गाईचे म्हणून खपवायची युक्ती इथेच फसते. ७ टक्के फॅट आणि ९ टक्के एसएनएफच्या एक लिटर दुधात अर्धा लिटर पाणी घातले, की फॅट ४.७ वर येते, जवळजवळ गाईसारखे. पण एसएनएफ ६ वर घसरते. गाईचे एसएनएफ ८ च्या वर असते, त्यामुळे एसएनएफ मोजले की चोरी पकडली जाते; फक्त फॅट पाहून दूध घेणारा मात्र फसतो.

रंगावरून प्रत ठरवू नये. गाय चाऱ्यातले काही कॅरोटीन (पिवळे रंगद्रव्य) तसेच दुधात उतरवते, म्हणून तिचे तूप पिवळे. म्हैस आणि शेळी त्याचे जीवनसत्त्व अ करून टाकतात.

खव्याला म्हैसच बरी: लिटरमागे २०० ग्रॅमच्या आसपास, गाईचा त्याहून कमी. रसगुल्ल्याला उलट. म्हशीच्या दुधात कॅल्शियम आणि केसिन (दुधातले मुख्य प्रथिन) जास्त, त्यामुळे दूध फाडून केलेला छेना घट्ट होतो आणि गोळे रबरी लागतात. शेळीच्या दुधात केसिनचा एक प्रकार बहुधा कमी असतो, त्यामुळे दही कवडी लागत नाही. विरजण वाढवून उपयोग नाही, कापडात टांगून पाणी काढावे.

शेळीच्या दुधाचा वास कॅप्रोइक, कॅप्रिलिक, कॅप्रिक या आम्लांचा. नावेही शेळीच्या लॅटिन नावावरूनच, ‘काप्रा’. फॅट फुटून ती मोकळी झाली की वास वाढतो. म्हणून दूध काढल्या काढल्या थंड करावे, उगाच घुसळू-हिंदकळू नये, आणि बोकड दूर बांधावा.

‘हलके’ म्हणून शेळीचे दूध पाजणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दुग्धशर्करा त्यातही ४ टक्क्यांच्या वर असते, त्यामुळे ती न पचणाऱ्याचे पोट बिघडायचे ते बिघडतेच. आणि त्यात फोलेट (ब गटातले एक जीवनसत्त्व) फार कमी असते. केवळ त्यावर वाढवलेल्या तान्ह्या बाळाला रक्तक्षय होऊ शकतो.