‘टोटल लॉस’ ठरवायचा हक्क कुणाचा?

जिवापाड जपलेली गाडी टोटल लॉसमध्ये, म्हणजे विम्याच्या हिशेबात पूर्ण नुकसानीत, गेली हे कळते, तेव्हा मालक पुष्कळदा तिच्यासमोरच उभा असतो. बॉनेट दुमडलेले, एक हेडलाइट फुटलेला, बंपर लोंबकळत असलेला, स्टिअरिंगमधून एअरबॅगची पांढरी पिशवी बाहेर आलेली. पण चासी सरळ असते आणि किल्ली फिरवली की इंजिनही सुरू होते. विम्यासाठी नुकसान मोजणाऱ्या सर्व्हेअरच्या एस्टिमेटमध्ये मात्र दोन एअरबॅग, त्यांचे सेन्सर, फाटलेला डॅशबोर्ड आणि लॉक झालेले सीटबेल्ट एवढ्यांचीच बेरीज बारा वर्षे वापरलेल्या गाडीला झेपत नाही. डेंटिंग-पेंटिंगपर्यंत गोष्ट पोहोचतच नाही.

हे गणित मुळात जहाजांचे. जहाज तळाला गेले तर वादच नसतो. पण ते खडकावर अडकले आणि सोडवून दुरुस्त करायला त्याच्या किमतीपेक्षा जास्त खर्च येणार असेल तर? अशा नुकसानीसाठी ‘कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस’ (सीटीएल) हा शब्द रुळला आणि ब्रिटनच्या 1906 च्या सागरी विमा कायद्याने त्याची व्याख्या पक्की केली. भारताच्या 1963 च्या कायद्यातही तीच रचना आली. त्यातली एक तरतूद मोटारीच्या चर्चेत कुणी काढत नाही. नुकसान अंशतः मानायचे आणि जहाज स्वतःकडे ठेवायचे, की ते विमा कंपनीच्या हवाली करून पूर्ण रक्कम मागायची, ही निवड जहाजमालकाची होती. सोडून देण्याची नोटीसही त्यानेच द्यायची.

मोटार विम्याने शब्द घेतला, पण निवड मागेच राहिली. भारतात 2002 पासूनच्या मोटार टॅरिफमध्ये, म्हणजे मोटार विम्याच्या दर-नियमांत, रेषा आखली गेली: गाडी ओढून आणण्याचा आणि दुरुस्तीचा मिळून खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) 75 टक्क्यांवर गेला, की सीटीएल. आता आयडीव्ही दर वर्षी उतरते. चौथे वर्ष उलटून पाचवे सुरू झाले की घसाराच 50 टक्के, आणि सुट्या भागांच्या किमती काही वयाबरोबर उतरत नाहीत. त्यामुळे जी धडक नव्या गाडीला साधा क्लेम ठरते, तीच जुन्या गाडीला संपवते. पाच वर्षांनंतरची आयडीव्ही मालक आणि विमा कंपनी दोघांनी मिळून ठरवायची असते. गाडीवर जीव असणाऱ्याने तिथेच अडून बसायला हवे. नूतनीकरणाच्या घाईत समोर आलेला आकडा मान्य केला जातो आणि तोच पुढे नडतो.

सर्वांत जास्त वाद झाला तो ब्रिटनमधल्या बदलावर. तिथे राइट-ऑफ, म्हणजे विम्याने निकालात काढलेल्या, गाड्यांचे ए, बी, सी, डी असे वर्ग होते. ए म्हणजे अख्खी गाडी चुरडायची. बी म्हणजे सुटे भाग काढून घ्यायचे आणि सांगाडा चुरडायचा. सी आणि डी दुरुस्त होण्याजोग्या, पण त्यांच्यातला फरक पैशाचा होता: सी म्हणजे दुरुस्तीचा खर्च किमतीपेक्षा जास्त. परिणामी दार चेपलेली जुनी गाडी सी ठरायची आणि सांगाडा वाकलेली महागडी गाडी डी. 1 ऑक्टोबर 2017 पासून सी-डी गेले आणि एस-एन आले. एस म्हणजे सांगाड्याला इजा, एन म्हणजे सांगाडा शाबूत. माझ्या मते निर्णय योग्यच होता, कारण पहिल्यांदाच शिक्क्याने किमतीऐवजी लोखंडाबद्दल काही सांगितले. पण एनचा अर्थ ‘किरकोळ’ असा लावला गेला, तो चुकीचा आहे. ब्रेक, स्टिअरिंग किंवा वायरिंग गेलेली गाडीही एनमध्ये बसते. आणि मूळ प्रश्न तसाच राहिला. गाडी राइट-ऑफ करायची की नाही, हे अजूनही खर्चावरच ठरते. वर्ग नंतर येतो, आणि गाडी कितीही निगुतीने दुरुस्त केली तरी तो पुसला जात नाही.

अमेरिकेत ही रेषा राज्यागणिक बदलते. कुठे किमतीच्या 75 टक्के, तर टेक्सासमध्ये 100. एका राज्यातला सॅल्व्हेजचा (निकालात काढलेल्या गाडीच्या अवशेषाचा) शिक्का दुसऱ्या राज्यातल्या नोंदणीत गायब करण्याचे धंदे त्यातूनच फोफावले. 2005 च्या कॅटरिना वादळात बुडालेल्या गाड्यांनी हा प्रश्न साऱ्या देशापुढे आणला.

सॅल्व्हेजचा लिलाव म्हटला की दुसरी भीती आरसीची, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राची. सांगाडा मातीमोल असतो, पण त्यावरचा चासी नंबर आणि सोबतची आरसी चोरीच्या गाडीला नवी ओळख देऊ शकतात. म्हणून आपल्याकडे क्लेम मिटवताना ‘विथ आरसी’ की ‘विदाउट आरसी’ (मोडकी गाडी आरसीसह द्यायची की आरसीविना) हा प्रश्न येतो आणि रकमेत फरक पडतो. गाडी ठेवून घेणाऱ्याला सॅल्व्हेजची किंमत वजा करून उरलेले पैसे मिळतात. विकून मोकळे होणाऱ्याने नाव बदलल्याची खात्री केलीच पाहिजे: नोंदणी ज्याच्या नावावर, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, असे सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालात स्पष्ट झाले आहे. वापरण्याजोगी न उरलेली गाडी 14 दिवसांत कळवून आरसी परत करायची, हे तर 1988 च्या मोटार वाहन कायद्यापासून आहे.

वाहन भंगार केंद्रांच्या 2021 च्या नियमांनी भंगाराचा रस्ताही आखून दिला. नोंदणीकृत केंद्रात गाडी तोडली, की चासी नंबर असलेला पत्र्याचा तुकडा कापून 6 महिने जपून ठेवायचा. बाकीचे लोखंड वितळायला जाते.