प्रगती-नोंदीचा लोप (ऑनलाइन प्रशिक्षण)

ऑनलाइन प्रशिक्षण चालू असताना शिकणाऱ्याची जोडणी तुटल्यामुळे त्याने पूर्ण केलेला भाग प्रशिक्षण-प्रणालीच्या दप्तरी न लागणे किंवा अर्धवट लागणे. पाठ पाहून झालेला असतो, प्रश्नांची उत्तरेही दिलेली असतात. पण पुन्हा लॉगिन केल्यावर पहिल्या पडद्यापासून सुरुवात करावी लागते किंवा नावापुढे ‘अपूर्ण’ हा शेरा कायम राहतो. गोव्यात याचे खापर सहसा रेंजवर किंवा वीज खात्यावर फोडले जाते. ते अगदीच गैरलागू नाही; मात्र जोडणी तुटल्याने काय हरवते हे मुख्यतः नोंद केव्हा व कोठे लिहिली जाते यावर ठरते.

शिकणारा जेथे थांबला ती जागा यंत्राने लक्षात ठेवण्याच्या कल्पनेचा उगम वादग्रस्त आहे. एका मतानुसार तो इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये सुरू झालेल्या ‘प्लेटो’ या प्रणालीत शोधावा लागतो. तिच्या ‘ट्युटर’ या पाठलेखन-भाषेत प्रत्येक विद्यार्थ्यासाठी १५० चल (माहिती साठवण्याच्या जागा) राखून ठेवलेले असत आणि पुढच्या वेळी पाठ कोठून सुरू करायचा हे सांगणारी आज्ञाही होती. ही सोय सर्वसाधारणपणे सत्तरच्या दशकातील मानली जाते. दुसरे मत विमानवाहतूक उद्योगाच्या संगणक-प्रशिक्षण समितीला (एआयसीसी, स्थापना १९८८) श्रेय देते. एकाने बनवलेला पाठ दुसऱ्याच्या प्रणालीत चालावा व त्याची प्रगती तेथे नोंदली जावी यासाठी या समितीने १९९३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. स्मरणाची कल्पना प्लेटोची हे मान्य केले, तरी येथे विचाराधीन असलेल्या लोपाची सुरुवात एआयसीसीच्या टप्प्यात धरणे अधिक सयुक्तिक दिसते. प्लेटोमध्ये पाठ आणि नोंद दोन्ही मध्यवर्ती संगणकावरच असत. पाठ एकीकडे आणि दप्तर दुसरीकडे अशी विभागणी झाल्यावरच मधल्या वाटेत काही गळण्याचा प्रश्न आला.

एआयसीसीच्या कामाचा आधार घेऊन अमेरिकी संरक्षण खात्याच्या एडीएल (अ‍ॅडव्हान्स्ड डिस्ट्रिब्युटेड लर्निंग) उपक्रमाने पाठ आणि प्रशिक्षण-प्रणाली यांच्यातील देवाणघेवाणीचे ‘स्कॉर्म’ हे मानक सिद्ध केले. त्याची १.२ ही आवृत्ती (ऑक्टोबर २००१) जुनी असूनही अद्याप प्रचारात आहे. तिच्यात पाठ ब्राउझरमध्ये उघडतो, सुरू झाल्याची सूचना देतो, अधूनमधून मूल्ये (गुण, थांबल्याची जागा अशी माहिती) मांडतो, ती जतन करण्याची आज्ञा देतो आणि शेवटी समाप्ती कळवतो. मूल्य मांडणे आणि ते सर्व्हरवर पोचणे या वेगळ्या क्रिया आहेत. पुष्कळ पाठ जतनाची आज्ञा फक्त शेवटी देतात, म्हणजे अर्धा-पाऊण तासाचे काम तोवर ब्राउझरच्या स्मृतीतच असते. जतन फसल्यास प्रणालीने तसे कळवणे अपेक्षित असते, पण ते उत्तर वाचण्याची तसदी सगळेच पाठ घेत नाहीत. १.२ मध्ये जतन फसल्याचा स्वतंत्र संकेतांकही नव्हता. तो (३९१) स्कॉर्म २००४ मध्ये आला.

आणखी दोन कारणे दुर्लक्षित राहतात. स्कॉर्म २००४ मध्ये पाठातून बाहेर पडण्याचा प्रकार ‘स्थगित’ असा नोंदवलेला नसेल, तर पुढचा प्रवेश हा नवा प्रयत्न समजला जातो व जुनी माहिती सर्व्हरवर पोचली असली तरी पाठाला मिळत नाही. सावध पाठकार म्हणूनच ‘स्थगित’ हे मूल्य शेवटाची वाट न पाहता सुरुवातीलाच मांडून ठेवतात. दुसरे कारण जागेचे. थांबल्या ठिकाणचा तपशील ठेवण्यासाठी १.२ मध्ये ४,०९६ वर्णांची मर्यादा आहे (२००४च्या तिसऱ्या आवृत्तीपासून ६४,०००). एखादी प्रणाली ही मर्यादा वर्णांऐवजी बाइटांत मोजत असेल, तर यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत (अक्षर किंवा चिन्ह) तीन बाइट घेत असल्यामुळे मराठीत टिपणे लिहिणाऱ्याची जागा साधारण १,३६५ संकेतांतच संपते. त्यात काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात.

फेब्रुवारी २०२० मध्ये क्रोमच्या ८०व्या आवृत्तीने पान बंद होताना सर्व्हरच्या उत्तरासाठी थांबून राहणारी विनंती नाकारण्यास सुरुवात केली. खिडकी मिटताना शेवटची नोंद पाठवणारे जुने पाठ त्यामुळे अडचणीत आले. पुढच्याच महिन्यात टाळेबंदी लागली.

गोव्यापुरते पाहता लिखित सामग्री तुटपुंजी आहे. २०२० मध्ये सांगे तालुक्यात नेत्रावळी अभयारण्यालगतच्या गावांतील मुले ऑनलाइन वर्गांसाठी टेकडीवर जाऊन बसत असल्याच्या बातम्या आल्या. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात राज्याच्या बऱ्याच भागाची वीज गेली. सत्तरी, सांगे, काणकोण येथील डोंगराळ भूभाग आणि पावसाळ्यात तारांवर पडणारी झाडे ही कारणे नेहमीचीच. शिक्षकांचे ‘निष्ठा’ हे केंद्र सरकारचे प्रशिक्षण ऑक्टोबर २०२० पासून ‘दीक्षा’ या शालेय शिक्षणाच्या सरकारी ऑनलाइन मंचावर सुरू झाले. दीक्षाच्या अ‍ॅपवर सामग्री उतरवून घेता येते आणि वापराची नोंद रेंज आल्यावर वर चढते. त्यामुळे नोंद उशिरा दिसणे आणि नोंद हरवणे यांत फरक करावा लागतो. घाईने अ‍ॅप काढून पुन्हा टाकणाऱ्याच्या बाबतीत मात्र पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर होऊ शकते. एनपीटीईएलच्या (आयआयटी व आयआयएससी यांच्या ऑनलाइन उपक्रमाच्या) अभ्यासक्रमांना ही अडचण कमी जाणवते, कारण तेथे गुण व्हिडिओ पाहण्यावर नसून साप्ताहिक स्वाध्याय (२५ टक्के) व परीक्षा (७५ टक्के) यांवर असतात.

उपाययोजनेत एक्सएपीआय ही शिकण्याच्या नोंदी पाठवण्याची नवी नियमावली (आवृत्ती १.०, २०१३) महत्त्वाची ठरली. तीत प्रत्येक कृती ‘कोणी, काय केले, कशावर’ अशा स्वतंत्र विधानाच्या रूपात नोंदली जाते. विधानाला स्वतःचा ओळखक्रमांक असल्याने ते उपकरणात साठवून मागाहून, गरज पडल्यास दोनदा पाठवले तरी नोंद एकच होते. त्यावर आधारलेल्या सीएमआय-५ (२०१६) या पाठ व प्रणाली जोडण्याच्या नियमांमध्ये, समाप्ती न कळवता तुटलेल्या सत्रासाठी प्रणालीने स्वतः ‘सोडून दिले’ असे विधान करण्याची तरतूद आहे. हे नाव जोडणी गेलेल्याला काहीसे अन्यायकारक आहे. एक्सएपीआयच्या विधानात कृती घडल्याची वेळ आणि ती दप्तरी पोचल्याची वेळ वेगवेगळ्या धरल्या जातात. मुदतीच्या शेवटच्या दिवशी रेंज गेल्याच्या तक्रारीत यांपैकी पहिली वेळ ग्राह्य धरावी असे मानण्याकडे कल दिसतो. परंतु ती वेळ शिकणाऱ्याच्या उपकरणातील घड्याळाने दिलेली असते, आणि ते घड्याळ कोणालाही मागे करता येते.